२, ८, १८, ३२ : पाठ केलेल्या आकड्यांमागचे गणित

दोन, आठ, अठरा, बत्तीस. या शाळेच्या बाकांवर बसून गेलेल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांना हे आकडे अजूनही तोंडपाठ असतील. अणूच्या पहिल्या कवचात जास्तीत जास्त २ इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. के, एल, एम, एन. सूत्रही आठवत असेल : कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करावा आणि त्याची दुप्पट करावी. परीक्षेत एक गुण हमखास. मात्र वर्गच का आणि दुप्पटच का, असे ज्याने विचारले असेल त्याला बहुधा ‘ते तसेच असते’ एवढेच उत्तर मिळाले असेल.

आम्ही विषयाने इतिहासाचे. परंतु ‘ते तसेच असते’ हे उत्तर आम्हाला कोणत्याच विषयात मानवत नाही. ज्याच्यापुढे प्रश्न विचारायला जागाच उरत नाही ते उत्तर नव्हे, तो हुकूम. या चार आकड्यांचे खरे कारण गणिताच्या ज्या शाखेत सापडते तिचे नाव ऐकूनच माणूस दोन पावले मागे सरतो : क्रमसापेक्ष गटांवरील विकलन कारकांचा वर्णपट-सिद्धान्त. नाव जड आहे खरे. पण त्यातील एकेक शब्द सुटा केला तर त्यामागची कल्पना आठवी-नववीच्या मुलालाही हाताळता येते. स्मरणिकेच्या या पानांत तो प्रयत्न करावा असा आमचा मानस आहे. वाचकांनी हाताशी एक जाड बांधणीचे पुस्तक घेऊन बसावे. पुढे ते लागणार आहे.

प्रथम वर्णपट. हायड्रोजन वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली की तो प्रकाशतो, आणि तो प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या रंगीत रेषा दिसतात. त्यांपैकी चार ठळक रेषांच्या तरंगलांबी सुमारे ६५६, ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटर. हे आकडे शास्त्रज्ञांनी अचूक मोजले होते, परंतु त्यांत सूत्र कोणालाही दिसत नव्हते. ते शोधले एका शाळामास्तराने. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे योहान याकोब बाल्मर यांनी १८८५ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, दाखवून दिले की ३६४.५६ नॅनोमीटर ही एक लांबी घेऊन तिला ९/५, १६/१२, २५/२१ आणि ३६/३२ यांनी गुणले की या चारही रेषा मिळतात. अंशस्थानी ३, ४, ५, ६ यांचे वर्ग. छेदस्थानी त्याच वर्गांतून ४ वजा. वाचकांनी कागदावर गुणाकार करून पाहावा. अणूमध्ये वर्ग दडलेले आहेत हे जगाला असे कळले. का दडलेले आहेत, हे बाल्मर यांना सांगता आले नाही; त्यासाठी आणखी पन्नास वर्षे लागली.

दुसरा शब्द कारक, म्हणजे ऑपरेटर. तो समजण्यासाठी प्रकाशाकडून नादाकडे वळू. ताणलेली तार छेडली की तिचा प्रत्येक बिंदू वरखाली होतो. एखाद्या बिंदूची उंची त्याच्या दोन्ही बाजूंच्या सरासरीपेक्षा किती कमी-अधिक आहे, यावर त्याला किती ओढ लागेल हे ठरते. ही तफावत मोजणारी गणिती क्रिया म्हणजे लाप्लासचा विकलन कारक. एकाच मितीत पाहिले तर साधे दुसरे विकलज. तारेचा कोणताही वेडावाकडा आकार या कारकात घातला तर बाहेर निराळाच आकार येतो. परंतु काही निवडक आकार असे असतात की ते आत घातले असता तोच आकार, फक्त एका संख्येने गुणून, बाहेर येतो. हे शुद्ध सूर. त्या संख्यांचा जो संच त्यालाच गणिती लोक कारकाचा वर्णपट म्हणतात. हा शब्द डेव्हिड हिल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वापरला तेव्हा हायड्रोजनच्या रेषांचा विचार त्यात नव्हता. पुढे वीस वर्षांनी हे दोन्ही वर्णपट खरोखरच एक निघाले. इतिहासात योगायोग आम्ही सहसा मान्य करीत नाही, पण हा करावा लागतो.

आता मूळ गोष्टीकडे : क्रम. तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन सारखेच, याला पाठ्यपुस्तकात गुणाकाराची क्रमनिरपेक्षता म्हटले आहे. आपण ती इतक्या लहानपणी शिकतो की सगळे जग तसेच चालते असे वाटू लागते. ते तसे नाही. पुस्तक टेबलावर ठेवावे, मुखपृष्ठ वर, पाठीचा कणा डावीकडे. दोन हालचाली ठरवू. पहिली : वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा. दुसरी : पलीकडची कड उचलून पुस्तक असे उभे करणे, की त्याच्या वरच्या अंगाला असलेली बाजू आपल्याकडे वळेल. आधी पहिली, मग दुसरी केली तर मुखपृष्ठ आपल्याकडे पाहते, पण पुस्तक आडवे आणि कणा वर. पुन्हा मूळ जागी ठेवून आधी दुसरी, मग पहिली केली तर पुस्तक नीट उभे, मात्र मुखपृष्ठ डावीकडे तोंड करून, कणा पलीकडे. हालचाली त्याच, क्रम उलटा, निष्पत्ती वेगळी. ज्या हालचाली एकामागोमाग एक करता येतात, ज्यांतील प्रत्येक उलटवता येते आणि ज्यांत ‘काहीच न करणे’ हीदेखील एक हालचाल धरली जाते, अशा समूहाला गणितात गट म्हणतात. अवकाशातील फिरवणुकींचा गट क्रमसापेक्ष आहे.

असा गुणाकार संख्यांच्या जगात पहिल्यांदा आणला तो आयर्लंडचे विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील कालव्याकाठी फिरताना त्यांना चार घटकांच्या संख्यांची रीत सुचली आणि त्यांनी ती तिथल्या पुलाच्या दगडावर कोरली. या चौकड्यांमध्ये क्रम उलटला की गुणाकाराचे चिन्ह बदलू शकते. त्या काळी हे कित्येकांना अधर्मासारखेच वाटले असणार! या चौकड्यांपैकी ज्यांच्या चार घटकांच्या वर्गांची बेरीज १ आहे त्यांचाच गट आपल्याला पुढे लागेल. दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज १ असली की वर्तुळ मिळते, तीनची असली की चेंडूचा पृष्ठभाग. चारची असली की त्याच धर्तीचा एक त्रिमितीय गोल मिळतो. तो डोळ्यांपुढे आणता येत नाही, पण हिशेबाला तो अडत नाही. अवकाशातील प्रत्येक फिरवणूक या गटात दोनदा नोंदलेली असते.

आता या गोलावर लाप्लासचा कारक चालवायचा. येथे जे घडते ते आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म आहे, म्हणून थोडे थांबू.

आधी साध्या वर्तुळाकार तारेचा विचार करावा. तिच्यावर घड्याळी आणि उलट अशा दोन दिशांनी फिरणाऱ्या लाटा वेगवेगळ्या मोजल्या, तर प्रत्येक लाट एकटी, स्वतंत्र आहे. तार फिरवली तर लाट पुढे-मागे सरकते, दुसऱ्या लाटेत मिसळत नाही. वर्तुळाच्या फिरवणुकी क्रमनिरपेक्ष आहेत, त्याचा हा परिणाम. हॅमिल्टन यांच्या गोलावर मात्र सूर एकटे राहू शकत नाहीत. गटातील एखाद्या घटकाने सगळे काही हलवले की एक सूर आपल्या भावंडांत मिसळतो. ती भावंडे एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत. सुरांची कुटुंबे तयार होतात : एकाचे, दोघांचे, तिघांचे, चौघांचे.

आणि येथे क्रमाची खरी करामत दिसते. गुणाकार क्रमसापेक्ष असल्यामुळे डावीकडून गुणणे आणि उजवीकडून गुणणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. ‘न’ जणांच्या कुटुंबाला डावीकडून हलवता येते आणि स्वतंत्रपणे उजवीकडूनही हलवता येते. म्हणून ते सूर एका ओळीत बसत नाहीत, चौकोनी तक्त्यात बसतात : न आडव्या ओळी, न उभे स्तंभ. डावीकडून हलवले की सूर स्तंभात मिसळतात, उजवीकडून हलवले की ओळीत. तक्त्यातील एकूण सूर न गुणिले न. म्हणजे १, ४, ९, १६. बाल्मर यांना सापडलेले वर्ग हे असे येतात. क्रमनिरपेक्ष गटात डावे-उजवे एकच, म्हणून तिथला तक्ता एका घराचा. कोणत्याही बंदिस्त गटाच्या बाबतीत सगळे सूर अशा चौकोनी तक्त्यांतच बसतात, हे फ्रिट्झ पेटर आणि हेर्मान वाइल यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले.

एका तक्त्यातील सर्व सुरांची उंची मात्र एकच असते. गोलावर तीन परस्परलंब दिशांनी विकलन करता येते. ही तीन विकलने एकमेकांशी क्रमनिरपेक्ष नाहीत, पण त्यांच्या वर्गांची बेरीज, म्हणजेच लाप्लासचा कारक, तिघांशीही क्रमनिरपेक्ष राहते. त्यामुळे कुटुंबातील भांडणे त्या बेरजेपर्यंत पोहोचत नाहीत. हिशेब केला असता न-व्या कुटुंबाच्या सुराची उंची ‘न-चा वर्ग वजा १’ येते : ०, ३, ८, १५. संख्या १, ४, ९, १६. उंची ०, ३, ८, १५. एका क्रमसापेक्ष गटावरील विकलन कारकाचा हा संपूर्ण वर्णपट.

याचा हायड्रोजनशी संबंध काय? १९२५ च्या उन्हाळ्यात वेर्नर हायझेनबर्ग यांनी अणूचे गणित नव्या पद्धतीने मांडले. त्यात स्थान आणि संवेग यांचा गुणाकार क्रमाप्रमाणे बदलत होता आणि त्याचे त्यांना स्वतःलाच कोडे पडले होते. त्यांचे वरिष्ठ माक्स बोर्न यांनी ओळखले की हा मॅट्रिक्सचा गुणाकार आहे. बोर्न आणि पास्कुआल योर्डान यांनी मग ते सूत्र काटेकोर लिहिले : एका क्रमाचा गुणाकार वजा उलट क्रमाचा गुणाकार बरोबर एक ठरावीक राशी, जी शून्य नाही. दुसऱ्याच वर्षी वोल्फगांग पाउली यांनी या गणिताने हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या काढून दाखवल्या. आणि १९३५ मध्ये लेनिनग्राडचे व्लादिमीर फॉक यांनी पडदा पूर्ण बाजूला केला : हायड्रोजनमधील बद्ध इलेक्ट्रॉनचे समीकरण म्हणजे त्रिमितीय गोलावरील सुरांचेच समीकरण होय. हायड्रोजनच्या पातळीची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट भागिले न-चा वर्ग. आणि तो न-चा वर्ग म्हणजे गोलावरील सुराची उंची अधिक १. बाल्मर यांच्या सूत्रातील ४ म्हणजे ३ अधिक १, ९ म्हणजे ८ अधिक १.

तर पहिल्या कवचात एक सूर, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात नऊ, चौथ्यात सोळा. इलेक्ट्रॉनला स्वतःचा एक अंगभूत फिरकीचा गुण असतो, त्याच्या दोन अवस्था. आणि एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो हा पाउली यांचा १९२५ चा नियम. म्हणून दुप्पट. दोन, आठ, अठरा, बत्तीस.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील, आणि त्याने करावाच. तिसऱ्या कवचात १८ मावतात, तर पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १ कशी? एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसरे कवच अर्धे रिकामे ठेवून चौथ्यात का जातो? वर्गात ‘अष्टक पूर्ण झाले’ असे सांगून पुढे जातात. ते वर्णन झाले, कारण नव्हे. कारण असे : डावे आणि उजवे स्वतंत्रपणे हलवण्याची मुभा फक्त एकट्या इलेक्ट्रॉनच्या हायड्रोजनला आहे. इतर इलेक्ट्रॉन आले की ओढीचा शुद्ध व्यस्त-वर्गाचा नियम बिघडतो आणि डावे-उजवे एकदमच हलवता येतात, म्हणजेच केवळ अवकाशातील फिरवणूक तेवढी शिल्लक राहते. तेव्हा नऊ जणांचा तक्ता फुटून त्यातून १, ३ आणि ५ अशी धाकटी कुटुंबे निघतात. दुप्पट केली की २, ६, १०. पहिली दोन मिळून ८ झाली. १० चे कुटुंब ऊर्जेने इतके वर ढकलले गेले की चौथ्या कवचाचे २ चे कुटुंब त्याच्या खाली आले. पोटॅशियम आणि कॅल्शियम तिथे जातात. मग स्कँडियम ते जस्त, अणुअंक २१ ते ३०, ही बरोबर १० मूलद्रव्ये ते मागे राहिलेले कुटुंब भरतात. आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळींत १४-१४ मूलद्रव्ये का, याचेही उत्तर वाचकांना आता स्वतः देता येईल : सोळाच्या तक्त्यातून १, ३, ५ नंतर निघणारे कुटुंब ७ जणांचे. आमच्या मते आवर्तसारणीचा तक्ता भिंतीवर लावणाऱ्या प्रत्येक शाळेने तिच्याशेजारी पुस्तक फिरवण्याचा तो प्रयोगही लावला पाहिजे.

ज्या गावात हे गणित घडले त्या गावाचे पुढे काय झाले, हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगितले नाही तर कोणी सांगायचे? गटिंगेनच्या विद्यापीठात हिल्बर्ट, बोर्न, वाइल होते आणि एमी नोएथर होत्या. क्रमसापेक्ष बीजगणिताला आजचे रूप ज्यांनी दिले त्यांत नोएथर यांचे नाव अग्रभागी येते. स्त्री म्हणून त्यांना कित्येक वर्षे अध्यापनाचा अधिकारच नाकारला गेला होता. हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर झालेली व्याख्याने त्या देत. १९१९ मध्ये तो अधिकार मिळाला. ७ एप्रिल १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने सरकारी सेवेतून ज्यूंना काढून टाकणारा कायदा केला आणि त्याच महिन्यात बोर्न व नोएथर दोघेही पदावरून दूर झाले. नोएथर अमेरिकेत गेल्या आणि १९३५ मध्ये वारल्या. वाइल ज्यू नव्हते, त्यांच्या पत्नी ज्यू होत्या. तेही त्याच वर्षी प्रिन्स्टनला गेले. ज्या तिघांनी १९२५ मध्ये नव्या यामिकीचा एकत्रित लेख लिहिला होता, त्यांपैकी बोर्न देशोधडीला लागले, योर्डान नाझी पक्षात दाखल झाले आणि हायझेनबर्ग जर्मनीतच राहिले. समीकरण एकच, सह्या तीन, वाटा तीन. रामन यांच्या निमंत्रणावरून बोर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात सुमारे सहा महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांना येथे कायमचे पद मिळाले नाही. ते एडिंबरोला गेले. हा विद्वान राहिला असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बोर्न यांना १९५४ मध्ये नोबेल मिळाले, १९७० मध्ये ते वारले. गटिंगेनच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्याच्या दगडावर तेच क्रमसापेक्षतेचे सूत्र कोरलेले आहे.

आतापर्यंतचा गोल बंदिस्त होता. अमर्याद पसरलेले क्रमसापेक्ष गटही असतात. तेथे कुटुंबे अनंत सदस्यांची होतात आणि वर्णपटात सुट्या रेषांबरोबर सलग पट्टाही येतो. या रानात वाट पाडण्याचे काम ज्यांनी केले त्यांतील सर्वांत मोठे नाव भारतीय आहे : हरीश-चंद्र. जन्म १९२३, कानपूर. अलाहाबाद विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिरॅक यांचा पुंजयामिकीवरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला, त्याने दिशा ठरली. बंगळूरला भाभा, मग केंब्रिजला स्वतः डिरॅक यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट, आणि त्यानंतर १९८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत अमेरिकेत अखंड काम. अशा गटांवरील संपूर्ण वर्णपटाचे सूत्र मांडायला त्यांना सुमारे पाव शतक लागले.

आणखी एक दुवा मुंबईचा. १९५६ हे वर्ष या स्मरणिकेच्या वाचकांच्या मनात वेगळ्या कारणाने कोरलेले आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, जी तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती, एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. नॉर्वेचे आत्ले सेलबर्ग त्यासाठी आले. क्रमसापेक्ष गटातून घडवलेल्या पृष्ठभागांचे सगळे सूर एका बाजूला आणि त्या पृष्ठभागांवरील सगळ्या बंद वाटांच्या लांबी दुसऱ्या बाजूला मांडून दोन्हींचा ताळा जुळवणारे त्यांचे सूत्र इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. जगभरचे गणिती आजही त्या अंकाचा हवाला देतात.

सेलबर्ग यांनी १९६५ मध्ये एक अनुमान मांडले. पूर्णांकांच्या मॅट्रिक्समधून घडणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या पृष्ठभागांवर, शून्य सोडल्यास, सर्वांत खालचा सूर १/४ च्या खाली जात नाही. त्यांना स्वतःला ३/१६ पर्यंत सिद्ध करता आले. छेद ४०९६ केला तर गाठायचे आहे १०२४, आणि त्यांचे झाले ७६८. २००३ मध्ये हेन्री किम आणि पीटर सारनाक ९७५ पर्यंत पोहोचले. ४९ उरले आहेत.